उसनी शांतता

१

माझ्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आमची आई म्हणायची. तिनं ते कौतुकानं म्हटलेलं नव्हतं, पण पुढे मी त्याच तोंडावर पोट भरायला लागले. पुस्तकं मोठ्यानं वाचणं हा माझा धंदा. एका बंद खोलीत माईकसमोर बसून मी अख्खी कादंबरी वाचते आणि मग लोक ती भांडी घासताना नाहीतर गाडी चालवताना कानात घालून ऐकतात.

या कामाची पथ्यं बाळंतिणीपेक्षा कडक. बांगड्या घालायच्या नाहीत, घड्याळ काढून ठेवायचं, कपड्यांना खळ नको. उपाशीपोटी यायचं नाही, कारण पोटातली गुरगुर माईक आपल्याआधी ऐकतो. खुर्चीसुद्धा लोखंडी, एकसंध, वर घडी घातलेलं ब्लँकेट. कितीही चुळबुळ केली तरी ती हूं की चूं करत नाही. खोलीत दुसरी खुर्ची नाही. हे आधीच सांगून ठेवते.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण तीन भिंतींपलीकडे कुणी गोळीचा कागद सोडला तरी त्याला कळतं. स्वभावानं गरीब, पण कामात भलता काटेकोर.

तेव्हा आम्ही वाचत होतो ती कादंबरी म्हणजे नुसता धुरळा होता. ‘मौनसंघ’ नावाचा एक गुप्त पंथ, तळघरं, मोहोरा, घंटेच्या आत कोरलेला नकाशा आणि पंथाच्या मागावर एक इन्स्पेक्टर. दर आठ-दहा पानांनी एक मेलेला माणूस जिवंत व्हायचा आणि एक जिवाभावाचा दगाबाज निघायचा. मौनाची शपथ घेतलेले ते साधू इतके बडबडे, की एकेकाचं भाषण वाचताना मला दोनदा पाणी प्यावं लागायचं. पंथाचा प्रमुख ‘थोरले’ म्हणजे नक्की कोण, हे शेवटच्या प्रकरणात कळणार होतं. मला एक वाईट खोड आहे. मी शेवट आधी वाचत नाही. माईकसमोर पहिल्यांदा वाचला की आवाजातलं आश्चर्य खरं निघतं.

पुस्तक मूळ माझ्याकडे आलेलं नव्हतं. अर्धं आधीच वाचून झालं होतं. वाचणारे होते बातमीवाले काका. उभं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस, भारदस्त आवाज. त्यांचं थांबणं तर असं, की पुढचा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्यानं घास हातात धरून बसावं. मध्येच त्यांनी काम सोडलं. तब्येत, असं मला सांगितलं गेलं. उरलेलं अर्धं माझ्या पदरात पडलं.

२

आमच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा थोरला भाऊ. दादा छापखान्यात मुद्रितशोधक होता. लोकांच्या चुका काढण्याचा पगार मिळायचा आणि तो घरी आल्यावर फुकटात काढायचा. मग डोळे गेले. हळूहळू गेले, म्हणजे त्याला रोज थोडं थोडं दुःख झालं. आता कानसेननं काटछाट करून पाठवलेली माझी रेकॉर्डिंगं ऐकणं हे त्याचं काम. कुठे शब्द गिळला, कुठे ओळ सुटली, सगळं टिपून ठेवतो आणि जेवताना माझ्या पानात वाढतो.

पहिलं अर्धं मीच दादाला घरी वाचून दाखवलं होतं आणि मौनसंघावर आमची पैज लागली होती. दादाच्या मते थोरले म्हणजे मठातला बहिरा घंटावाला. मी म्हणायचे, नायिकेचा मामा, कारण तो फारच गोड बोलतो.

एके दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर दादा कानावरचे हेडफोन काढून वाट बघत बसलेला.

“टकळे,” तो म्हणाला. हे माझं लहानपणापासूनचं नाव. “तुझ्या खोलीत आणखी कोण बसतं?”

“कोण बसणार? मी आणि माझी बडबड.”

“मग खुर्ची कुणाची वाजते? तू वाक्य संपवून थांबलीस, की वाजते. गोष्ट रंगात आली की माणूस पुढे सरकून बसतो ना, तसं.”

“तुझी भूक वाजत असेल. पानं घेते.”

जेवणं झाल्यावर त्याचं समाधान म्हणून मी हेडफोन कानाला लावले. माझा आवाज तळघराच्या पायऱ्या उतरत होता. दाराशी येऊन तो थांबला. आणि त्या थांबण्यात, मागे कुठेतरी, लाकूड कुरकुरलं. फार हळू. बसलेला माणूस जरासा पुढे झाला होता.

खोलीतली खुर्ची लोखंडी होती. मी ते दादाला सांगितलं नाही. एसी असेल म्हटलं. रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद असतो हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

एसी असेल, असं मी रात्रभर स्वतःलाही सांगत होते. पहाटे मला दुसरीच गोष्ट आठवली आणि मी अंथरुणात उठून बसले. मी तळघराच्या दाराशी थांबलेच नव्हते. मी कुठेच थांबत नाही.

३

“थांबे मी घातलेत,” कानसेन म्हणाला. अगदी साधेपणानं, भाजीत मीठ घातलं तसं. “काका पहिलं अर्धं वाचतात ते पालखीच्या चालीनं. मग तुम्ही येता आणि गाडीचा ब्रेकच फेल होतो. ऐकणाऱ्यानं श्वास कधी घ्यायचा? म्हणून तुमच्या वाक्यांमध्ये जागा सोडली.”

“मग त्या जागा नुसत्या रिकाम्या ठेवायच्या होत्या.”

“काहीच नसलं की भोक पडल्यासारखं वाटतं, ताई. आवाज एकदम मरतो. तिथे खोलीची शांतता लावावी लागते. म्हणून तर सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प बसा म्हणतो. तुम्ही कधी बसलात? एकदा खोकलात, एकदा विनोद सांगितलात, एकदा शेजारणीचं पुराण लावलंत. तुमच्याकडे शांतता असती तर तुमचीच लावली असती. नाही, म्हणून काकांची घेतली.”

म्हणजे माझ्या तोंडी उसनी शांतता घातली होती. मला हसू आलं आणि रागही आला.

“ती नुसती वाजव,” मी म्हटलं.

त्यानं मोठ्या स्पीकरवर लावली. आधी काही नव्हतं, नुसतं खोलीचं असणं. मग कुरकुर. कानसेननं भुवया वर केल्या.

“दाराचं लाकूड असेल. फुगतं, आकसतं.”

“दुसरी लाव.”

त्यानं दुसरी लावली, मग तिसरी. तारखांप्रमाणे लावत गेला. काकांच्या सुरुवातीच्या दिवसांतली शांतता स्वच्छ होती. मग कुरकुर आली, दूरवरून. पुढे पुढे ती जवळ येत गेली. शेवटच्या दिवसांतल्या शांततेत कुरकुरीनंतर आणखी एक आवाज होता. कुणीतरी नाकानं श्वास आत घेतला होता आणि सोडलाच नव्हता. पुढे काय होतंय ते ऐकताना माणूस श्वास धरतो, तसा.

“तुमच्यासाठी जास्त करून हीच वापरली,” कानसेन पुटपुटला. “शेवटी शेवटी ते फार वेळ थांबायचे. त्यामुळे भरपूर शिल्लक होती.”

त्याच्यासारख्या कानाच्या माणसाला हे आधी कसं ऐकू आलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, शांतता कोण ऐकतं ताई, ती फक्त मोजून कापायची असते.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी गेले. पुस्तक पिशवीत होतं. दार काकूंनी उघडलं.

“घशात काही दोष नाही म्हणतात डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “रुसलेतही नाहीत. जेवतात, झोपतात. फक्त बोलत नाहीत. मी बोलायला लागले तरी हात वर करतात. चाळीस वर्षं माझं ऐकलं नाही, आता कुणाचं ऐकत बसतात कोण जाणे.”

काका खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. मी नमस्कार केला, चौकशी सुरू केली. त्यांनी एक बोट उचललं. थांब, असं. राग नव्हता त्यात. गाणं चालू असताना मध्ये बोलणाऱ्याला आपण करतो तशी खूण. मान किंचित कलती होती, समोरच्या खुर्चीकडे.

समोर जुनी लाकडी खुर्ची होती, रिकामी.

“तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत,” काकू कुजबुजल्या.

मला कुणी असं काही सांगितलं, की माझं डोकं फिरतं. लहानपणी ‘त्या विहिरीत वाकू नको’ म्हटल्यावर मी वाकलेच होते. मी सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसले.

बैठक उबदार होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यावर असते तशी. ऊन असेल म्हणून मी पाहिलं, तर ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी बूड उचललं नाही. बसल्या बसल्या सरकले तेव्हा खुर्ची कुरकुरली आणि तो आवाज मी ओळखला.

काकांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहिलं. ते काढून घेतलं, शेवटचं प्रकरण चिमटीत धरलं आणि तेवढीच पानं मुठीत घट्ट मिटून ठेवली, हे वाचू नकोस म्हणावं तशी. बोटं पांढरी पडली तरी सोडेनात. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एकेक बोट सोडवून पुस्तक मला परत दिलं.

५

घरी आले तेव्हा दादा सोफ्यावर होता. डावीकडच्या टोकाला, अंग चोरून. उजवीकडे दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी. हेडफोन कानावर होते, पण एकाच कानावर. दुसरी वाटी त्यानं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली होती, मोकळ्या जागेकडे तोंड करून.

“अरे, असं काय लावलंयस?”

“त्यालाही ऐकू दे,” दादा म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी हेडफोन काढून घेतले तर भांडला नाही, नुसता ऐकत राहिला. मी मुद्दाम आमटी खारट केली. मुकाट्यानं जेवला. मी मुद्दाम चुकीचे शब्द वापरले, ज्यावर एरवी त्यानं मला अर्धा तास धुतलं असतं. त्यानं एक बोट उचललं. थांब.

सोफ्याच्या उजव्या बाजूची गादी दबलेली होती. मी ती झटकून फुलवली. चहा टाकून परत आले तर पुन्हा दबलेली.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. आई गेली तेव्हा दादा होता. त्याचे डोळे गेले तेव्हा मी होते. आमच्यात माया-बिया असले शब्द कधी झाले नाहीत, आम्ही भांडूनच एकमेकांना धरून ठेवलं. आता हे जे कोण होतं, ते माझ्याच कामातून, माझ्याच आवाजाला चिकटून घरात आलं होतं आणि माझा भाऊ माझ्यादेखत नेत होतं. मला तो परत हवा होता. बाकी भूत की भ्रम हा वाद गेला खड्ड्यात.

६

शेवटच्या प्रकरणाचं रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात होतं. मी गेले. बांगड्या काढल्या, दार लावलं, बसले. कानसेननं काचेपलीकडून बोट वर केलं: अर्धा मिनिट शांतता.

आयुष्यात पहिल्यांदा मी ती दिली. तोंड मिटलं आणि बसले.

खोलीचं असणं ऐकू यायला लागलं. मग माझ्या मागे, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे लाकूड कुरकुरलं. पुढे सरकलं. माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. मागे वळून बघावं असं क्षणभरही वाटलं नाही, कारण ते माझ्या बघण्यासाठी थांबलं नव्हतं. पुढचं पान उलटायची वाट बघत होतं.

मी पुस्तक उघडलं, शेवटचं प्रकरण टराटरा फाडून काढलं आणि माईकमध्ये म्हणाले, “शेवट हवाय ना रे तुला, मेल्या? कोण थोरला, कोण धाकटा, सगळं? नाही मिळायचा. मलाही माहीत नाही. म्हातारा घाबरून गप्प बसला, म्हणून मी बसेन असं वाटलं? अरे, मला गप्प करता करता माझी आई थकली, तू कोण लागून गेलास!”

कानाशी धरलेला श्वास तसाच होता.

मी काचेकडे पाहिलं. कानसेन उभा राहिला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्याच्या थोडी वर होती आणि हळूहळू आणखी वर जात होती, समोरचा माणूस बसल्याजागेवरून उठत असला की आपली जाते तशी.

मी मोठमोठ्यानं पाढे म्हणत बाहेर पडले. दुसरं काही सुचलं नाही. फाडलेली पानं न वाचता घरच्या शेगडीवर जाळली. प्रकाशकानं माझं नाव कायमचं कापलं आणि चार शब्दही सुनावले, मी त्याला सहा सुनावले. कानसेननं सगळे थांबे काढून टाकले. आपण काय पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, “ताई, बोलत राहा.”

७

जाळल्यावर लगेच मी दादासमोर स्टूल ओढून बसले. हातात उरलेलं पुस्तक. मोकळ्या जागेकडे पाठ केली.

“दादा, शेवटचं प्रकरण वाचते. ऐक.”

त्यानं बोट उचललं. मी ते बोट धरून खाली ठेवलं आणि ‘वाचायला’ लागले. तळघराचं दार उघडलं, मशाली पेटल्या, थोरल्यांनी डोक्यावरून घेतलेलं वस्त्र मागे केलं. मी कुठे म्हणून थांबले नाही. वाक्याच्या शेपटाला वाक्य बांधत गेले, श्वास शब्दांच्या मधेच चोरत गेले. मागे गादी दबल्याचा आवाज आला, मी आवाज चढवला. पुस्तक मांडीवर दाबून धरलं.

“आणि वस्त्राखालचा चेहरा पाहून सगळे थक्क झाले,” मी म्हटलं, “कारण तो होता इन्स्पेक्टरचा जुळा भाऊ, जो जन्मतःच हरवला होता आणि त्याच्या दंडावर तसाच तीळ होता आणि...”

दादाच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखते. तिच्यापायी छापखान्यात लोक रडलेत.

“आणि दोघे भाऊ गळ्यात गळा घालून...”

“एकुलता एक आहे तो!” दादा ओरडला. आवाज गंजला होता, पण त्याचाच होता. “तिसऱ्या प्रकरणात त्याची आई स्वतः सांगते, एकुलता एक! जुळा कुठून आणलास? खोटं वाचतेयस तू, टकळे!”

मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू, की मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. “मग काय आहे शेवट? सांग ना.”

त्यानं तोंड उघडलं. मग मान उजवीकडे वळवली, कुणालातरी विचारायला वळवतात तशी.

मी त्याची हनुवटी धरून माझ्याकडे फिरवली. “तिकडे नाही. त्यालाही माहीत नाही. म्हणून तर तो अजून बसलाय. तू सांग.”

“बहिरा घंटावाला,” दादा म्हणाला. “पहिल्यापासून सांगतोय.”

“मुळीच नाही. मामा.”

“मामाच्या हातून घंटेचा दोर तरी ओढला जाईल का?”

आणि आम्ही भांडलो, पोटभर, जेवणं निवेपर्यंत.

८

तेव्हापासून आमच्या घरात पुस्तक संपलेलं नाही. रोज संध्याकाळी मी नवा शेवट रचते आणि दादा तो खोडून काढतो. परवा स्वयंपाकीण थोरली निघाली. काल थोरले नावाचं कुणी नव्हतंच. उजवीकडची गादी आम्ही बसवतही नाही, फुलवतही नाही. मी तिकडे पाठ करून बसते. पाठीला कळतं, पण कळू दे.

आज सकाळी माझा आवाज बसला. तोंड उघडलं तर नुसती हवा. गरम पाणी, गुळण्या, सगळं झालं. संध्याकाळ होत आली तरी आवाज आला नाही. सोफ्यावर दादा त्याच्या टोकाला बसला होता. मी स्टुलावर. आई, तू म्हणायचीस ते कुलूप शेवटी आलं, असं मनात आलं.

मागे कुरकुरलं. पुढे सरकलं.

“आज गप्पशी?” दादा म्हणाला. मी त्याचा हात धरून माझ्या गळ्याला लावला. त्याला कळलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं घसा साफ केला, छापखान्यात साहेबाला चूक दाखवायच्या आधी करायचा तसा.

“बरं झालं. आता गप्प बस आणि खरी गोष्ट ऐक,” तो म्हणाला. “तर घंटावाला बहिरा होता, पण जन्मापासून नाही. एके दिवशी त्यानं घंटेच्या आत डोकं घातलं, आणि तिथे त्याला...”

दादा अडला. त्याला रचायची सवय नाही, त्याला फक्त दुरुस्त करता येतं. तो शब्द शोधत राहिला. खोलीचं असणं ऐकू यायला लागलं. माझ्या उजव्या कानाशी तो श्वास आत गेला आणि थांबला, इतका जवळ की कानाची पाळी गार पडली. दादाची मान किंचित कलायला लागली.

मला बोलता येत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून पितळी परात आणि उलथनं आणलं, त्या मोकळ्या जागेसमोर पाय रोवून उभी राहिले आणि परात अशी बडवली, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी दिली.

दादा दचकला आणि हसला. “हां, हाच आवाज!” तो म्हणाला. “हाच त्याला ऐकू आला. वाजव, टकळे, थांबू नकोस, पुढचं सुचतंय मला.”

मी वाजवत राहिले.